'जेव्हा' आणि 'तेव्हा' : कालामांच्या उपदेशातील जोडशब्द

वर्षावासात आमच्या बुलडाणा जिल्ह्यातील गावोगावच्या विहारांतून ग्रंथवाचन चालते. वाचनानंतरच्या चर्चेत एक विधान हमखास कानी पडते : कशावरही विश्वास ठेवू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. त्यावर एखादा तरुण विचारतो, "मग पंचशील तरी का पाळावे?" हा प्रश्न उद्भवतो, कारण विधान अर्धेच सांगितलेले असते. उरलेले अर्धे ज्या लहान शब्दांवर आधारलेले आहे, त्यांचा येथे विचार करू.

पाली व्याकरणकार शब्दांचे चार वर्ग मानतात : नाम, आख्यात, उपसग्ग आणि निपात. नाम विभक्तीनुसार व आख्यात, म्हणजे क्रियापद, काळानुसार बदलते. उपसग्ग शब्दाच्या आरंभी जोडला जातो. निपाताचे रूप मात्र बदलत नाही. मराठीत उभयान्वयी अव्यये जे कार्य करतात, ते पालीत 'च', 'वा', 'पन', 'सचे' यांसारखे निपात करतात. आपल्या वऱ्हाडी बोलीत 'ण'चा 'न' होत असल्याने चिखली-मेहकरकडचा शेतकरी "पाऊस आला, पन उशिरा आला" असे म्हणतो. त्याचा 'पन' आणि पालीतील 'पन' दोन्ही 'पुनर्' या एकाच मुळाकडे जातात. तथापि पालीतील 'पन' दर वेळी विरोध दाखवीत नाही. पुष्कळदा तो 'आता', 'तर' एवढेच सुचवितो.

त्रिशरण म्हणताना आपण 'दुतियम्पि' हा शब्द उच्चारतो. तो 'दुतियं' आणि 'पि' मिळून झाला आहे. 'पि' म्हणजे 'सुद्धा'. त्यामुळे दुसरा उच्चार पहिल्याशी जोडला जातो.

आता मूळ उपदेशाकडे वळू. तो अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात आहे. येथे 'निपात' हा शब्द ग्रंथविभाग या अर्थाने आला आहे. केसपुत्त येथील कालामांपुढे अडचण होती ती अशी की, येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण आपलेच मत थोर आणि इतरांचे हीन ठरवीत असे. तथागतांनी 10 आधार अपुरे ठरविले. त्यांतील एक म्हणजे 'इतिकिरा', म्हणजे ऐकीव वार्ता. 'इति' म्हणजे 'असे' आणि 'किर' म्हणजे 'म्हणे'. "असे म्हणे" या दोन शब्दांवर आपल्याकडे किती नवस आणि किती अफवा पसरतात, हे वाचकांना सांगावयास नको.

परंतु उपदेश येथे संपत नाही. पुढे 'यदा' आणि 'अथ' ही जोडी येते, म्हणजे 'जेव्हा' आणि 'तेव्हा'. अमुक गोष्ट अकुशल व अहितकारक आहे, असे जेव्हा स्वतः जाणाल, तेव्हा ती सोडा. कुशल व हितकारक आहे, असे जेव्हा जाणाल, तेव्हा तिचा अंगीकार करा. 'जेव्हा'ने परीक्षेची जबाबदारी आपल्यावर टाकली आणि 'तेव्हा'ने आचरणाची. ही जोडी गाळली की उरतो तो केवळ नकार.

परीक्षा कशी करावी, हेही तेथेच सांगितले आहे. लोभाने ग्रासलेला मनुष्य हिंसाही करतो, चोरीही करतो, व्यभिचारही करतो, खोटेही बोलतो. या चारही ठिकाणी मूळ पालीत 'पि' आहे, तोच त्रिशरणातील 'पि'! एका लोभातून एकामागून एक दुराचार कसे येतात, ते हा निपात दाखवितो. पंचशीलातील पहिली चार शीले येथे कारणासह उभी आहेत. तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर हेच होय : शील कोणी सांगितले म्हणून पाळावयाचे नसून, लोभाचा परिणाम स्वतः पाहून पाळावयाचे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाली व्याकरण आणि शब्दकोश यांवर केलेले काम महाराष्ट्र शासनाने 1998 साली त्यांच्या ग्रंथमालेच्या 16व्या खंडात प्रसिद्ध केले. धम्म समजून घ्यावयाचा तर भाषाही समजून घ्यावी लागते, हे त्यांनी स्वतः आचरून दाखविले. म्हणून वाचन करणाऱ्या उपासक-उपासिकांना आमची विनंती आहे की, 'जेव्हा' वाचल्यावर त्याचा 'तेव्हा' येईपर्यंत थांबू नये.