अंगावरचे वण आणि घरचे उपाय
कशाने फिकट होतात, कशाने वाढतात



आपल्या कार्यक्रमाकडे येणारी पत्रे बहुतेक खोडकिड्याची, करप्याची आणि खतांच्या मात्रेची असतात. मध्यंतरी मात्र रोहा तालुक्यातून एका माऊलीचे पत्र आले. राब भाजताना मुलीच्या हाताला चटका बसला. जखम भरली, पण वण काळा राहिला. एकीने सांगितले लिंबू चोळ, म्हणून लिंबू चोळले. दुसरीने सांगितले बिब्बा लाव, तोही लावला. डाग होता त्याच्या दुप्पट झाला. आता मुलीसाठी स्थळे बघायची आहेत. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "साहेब, तुम्ही पानावरच्या डागाला औषध सांगता, तसं अंगावरच्या डागालाही सांगा."

मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. म्हणून आधी दवाखान्यातल्या बाईंकडे जाऊन बसलो, नीट विचारून घेतले आणि मगच हे लिहायला घेतले. पेण-रोह्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात एक तरी वण असतोच. कुणाच्या बोटावर विळ्याचा, कुणाच्या पिंढरीवर राबाचा, तर कुणाच्या हातावर काजूच्या तेलाचा. तेव्हा हा कागद सगळ्यांच्याच उपयोगाचा आहे.

वण का राहतो?

खाडीकाठच्या मंडळींना हे लगेच समजेल. खारबंदिस्तीला खांड गेली की आपण काय करतो? हाताला लागेल तो चिखल, पेंढा, दगड घालून आधी खांड बुजवतो. त्या वेळी बांध सुबक दिसतो की नाही हे कुणी बघत नाही. पाणी अडले पाहिजे, एवढेच. मग दोन-तीन पावसाळे गेले की ती नवी माती दबते, वर गवत धरते आणि खांड ओळखू येईनाशी होते. तरी माहीतगार माणसाला ती जागा कळतेच.

कातडीचे तसेच आहे. नुसता वरचा पापुद्रा सोलला तर वण राहत नाही. खालचा थर कापला किंवा भाजला, तर शरीर घाईघाईने नवे तंतू भरून जागा बुजवते. तोच वण. पहिले दोन-तीन महिने तो लाल, कडक आणि थोडा उंच असतो, खाजतोही. मग हळूहळू बसतो, मऊ होतो, फिकट पडतो. याला एक ते दोन वर्षे लागतात. म्हणून "आठ दिवसांत वण गायब" असे कुणी बाजारात ओरडत असेल, तर पुढे चालू लागावे. वण पुरता जात नाही, फिकट होतो. आपण फक्त त्याला मदत करायची आणि त्याच्या वाटेत यायचे नाही.

आधी डाग ओळखा

पिकावर औषध मारण्याआधी कीड ओळखतो ना? तसेच इथे.

पहिला प्रकार म्हणजे नुसता काळा डाग. कातडी सपाट, फक्त रंग बदललेला. पुरळ, किरकोळ चटका किंवा चीक लागून असा डाग पडतो. ऊन टाळले तर काही महिन्यांत बहुधा आपोआप जातो.

दुसरा प्रकार म्हणजे खरा वण. इथे कातडीचा पोत बदललेला असतो. घरच्या उपायांचा उपयोग होतो तो मुख्यतः याच प्रकारात.

तिसरा म्हणजे वाढता वण. जखम होती करंगळीएवढी, पण वण तिच्या हद्दीबाहेर पसरत जातो, टणक होतो, खाजतो, दुखतो. छातीवर, खांद्यावर, कानाच्या पाळीवर हा जास्त दिसतो. याला घरचा उपाय नाही. दवाखान्यात वणात इंजेक्शन देऊन तो बसवता येतो. नुसता कापून काढला तर पुष्कळदा पुन्हा, आणि आधीपेक्षा मोठा, येतो.

चौथा प्रकार नीट लक्षात ठेवा. जखम झाली नाही, भाजले नाही, तरी अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आला, तो खाजत नाही, दुखत नाही आणि तिथे टाचणी टोचली तरी समजत नाही. हा वण नव्हे. हा कुष्ठरोग असू शकतो. त्यावर तेल, लेप, काही म्हणता काही करत बसू नका. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. सहा महिने किंवा एक वर्ष घेतल्या की रोग पूर्ण बरा होतो. लाजेने उशीर केला तर मात्र हातापायाच्या नसा जातात, आणि त्या परत येत नाहीत.

वण हलका राहावा म्हणून पहिल्या दिवशी काय करावे

निम्मा वण पहिल्या तासातच ठरतो. राबावर किंवा चुलीवर भाजले की भाजलेल्या जागेवर साधे थंड पाणी सुमारे २० मिनिटे सारखे ओतत राहा. शेतावर नळ नसला तर हंडा आणि तांब्या पुरे. बर्फ लावू नका. हातातल्या बांगड्या, अंगठी लगेच काढा, नंतर सूज येते. फोड फोडू नका. मग धुतलेल्या सुती फडक्याने सैल झाका.

टूथपेस्ट, शाई, चुना, चिखल, शेण यांतले काहीही लावू नका. शेण-मातीतून धनुर्वात होतो. विळा-कोयता लागला, काटा-खिळा रुतला, तर जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या सुईची चौकशी करा.

भाजलेली जागा तळहातापेक्षा मोठी असेल, किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल, किंवा लहान मूल भाजले असेल, तर घरी थांबू नका. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.

जखम उघडी टाकून उन्हात सुकवावी, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नाही. जाड खपली धरली की खालची कातडी भरायला उशीर लागतो आणि वण ठळक होतो. जखम रोज धुऊन, पांढऱ्या व्हॅसलीनचा पातळ हात देऊन, स्वच्छ पट्टीने झाकून ठेवली तर ती चांगली भरते. खपली नखाने काढू नये, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

घरचे उपाय, एकेक करून

खालचे उपाय जखम पूर्ण भरल्यावरच करायचे, म्हणजे साधारण दोन-तीन आठवड्यांनी. ओल्या जखमेवर नव्हे.

खोबरेल तेल. सगळ्यांत साधा आणि भरवशाचा उपाय. दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-दहा मिनिटे, बोटाने गोल गोल दाबून चोळायचे. दाब असा की वण क्षणभर पांढुरका दिसावा, पण दुखू नये. गुण तेलाचा थोडा, चोळण्याचा जास्त. असे निदान तीन-चार महिने करावे लागते.

कोकमतेल. आपल्याकडे बियांपासून काढलेल्या तेलाचे घट्ट गोळे घरात असतात. भेगांना आपण ते लावतोच. कोरड्या, ताणलेल्या वणालाही ते चांगले. जरा कोमट करून लावा. कढत लावून नवा चटका घेऊ नका!

कोरफड. पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी निथळू द्या, मग पान धुवा आणि आतला पांढरा गरच घ्या. पिवळ्या चिकाने खाज सुटते. गराने वण मऊ राहतो, खाज कमी होते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस वाट पाहा.

हळद. हळदीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला हरकत घेतली. त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर परिषदेचे महासंचालक होते. ही माहिती भारतात पूर्वीपासून आहे, हे जुन्या कागदपत्रांनी दाखवून दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. पण यातून सिद्ध काय झाले? हळदीचा वापर नवा नाही, एवढेच. हळदीने वण जातो, असे नव्हे. भरलेल्या कातडीवर घरी कुटलेल्या हळदीचा लेप लावायला हरकत नाही. खोल जखमेत मात्र हळद भरू नका. बाजारची पूड फार पिवळीधमक असेल तर तीत रंगाची भेसळ असू शकते.

कांद्याचा रस. कांद्याच्या अर्काची मलमे बाजारात आहेत. त्यांचा गुण आला तर थोडाच येतो. ताजा रस चुरचुरतो. अलिबागचा पांढरा कांदा घरात असेल तर तो भाकरीबरोबर खावा, हेच उत्तम.

लिंबू. हे टाळा. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले की ती जागा भाजल्यासारखी होते आणि डाग आणखी काळा पडतो. शेतकऱ्याला उन्हात जाणे चुकत नाही, म्हणून हा उपाय आपल्यासाठी मुळीच नाही.

बिब्बा. हा तर कधीच नको. आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडे एकाच कुळातली. कैरीचा चीक मुलांच्या ओठाला लागून चट्टा पडतो, काजूच्या सालीतले तेल बोटे सोलते, त्याच जातीचा जहाल रस बिब्ब्यात असतो. तो कातडी जाळतो. एका वणावर दुसरा वण चढतो.

मेडिकलमधली ट्यूब. कुणाला सांगून आणलेली, गोरे करणारी, खाज-गजकर्णाची मिश्र ट्यूब वणावर लावू नका. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते. सुरुवातीला छान वाटते, मग कातडी पातळ आणि लाल होते. अशी स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ साली नियम कडक केला आहे. काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडतो. तो मूत्रपिंडाला मारक आहे. खर्च करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून सिलिकॉनची पट्टी घ्या. भरलेल्या वणावर ती दिवसाचे निदान बारा तास, दोन-तीन महिने ठेवावी लागते. पट्टी धुऊन पुन्हा वापरता येते.

सगळ्यांत मोठे औषध फुकट आहे

ते म्हणजे सावली. नव्या वणाला ऊन लागले की तो काळा पडतो आणि तसाच राहतो. पहिले वर्षभर वण झाकून ठेवा. जुन्या सदऱ्याची लांब बाही, पदर, पायाला धडूत, काहीही चालेल.

वण कोपरावर, बोटांवर, मानेवर किंवा गुडघ्यामागे असेल तर आणखी एक काम आहे. वण आक्रसतो आणि सांध्याला ओढतो. दुखते म्हणून हात वाकवून ठेवला तर तो तसाच धरतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज सांधा पूर्ण सरळ करावा. दिसण्याचा प्रश्न नंतरचा. विळा धरता येणारा हात वाचला पाहिजे.

आणि फवारणीच्या दिवशी ओली जखम असेल तर फवारणी दुसऱ्याला करू द्या. फाटलेल्या कातडीतून औषध लवकर अंगात भिनते. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर चिखलणीला उतरताना गमबूट घाला. त्या काळात ताप आला, पिंढऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोची शंका धरून लगेच दवाखाना गाठा.

वण पडूच नये म्हणून

राब न भाजताही भाताची रोपे जोमदार येतात. गादीवाफे करा, कुजलेले शेणखत मिसळा, ओळीत बी पेरा. पालापाचोळा वाचेल, धूर वाचेल, चटकेही वाचतील. कापणीला दातेरी वैभव विळा वापरा. त्याला हिसका मारावा लागत नाही. ओले काजूगर काढणाऱ्या भगिनींनी आधी हाताला खोबरेल तेल चोपडावे, शक्य तर हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याच हाताने डोळा चोळू नये.

आता त्या माऊलीला उत्तर. ताई, लिंबू आणि बिब्बा आजपासून बंद. जिथे कातडी अजून ओली असेल तिथे तेल नको, आधी रोह्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. भरलेल्या भागाला रोज तीन वेळा खोबरेल तेल लावून चोळा आणि वर्षभर बाही लांब ठेवा. पुढच्या भाजणीपर्यंत फरक दिसेल, पण डाग पुरता जाईल असे खोटे मी सांगणार नाही. स्थळ बघायला येणाऱ्यांपासून तो लपवूही नका. मुलीने शेतावर काम करताना घेतलेला चटका आहे तो, त्यात लाजण्यासारखे काय? आपणही सून बघायला जाऊ तेव्हा तिच्या हाताकडे बघताना हे ध्यानात ठेवू या.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. भाजल्यावर २० मिनिटे पाणी. दुसरे काही नाही.
२. जखम धुवा, ओलसर ठेवा, झाका. धनुर्वाताची सुई विसरू नका.
३. भरल्यावर तेलाने चोळा. तीन-चार महिने धीर धरा.
४. वर्षभर वणाला ऊन लागू देऊ नका.
५. लिंबू, बिब्बा, चुना, शेण आणि चिठ्ठीशिवायची ट्यूब, सगळे वर्ज्य.
६. वाढता वण, आखडता सांधा आणि बधिर चट्टा दिसला की थेट दवाखाना.

हा कागद वाचून झाला की टाकू नका. चुलीजवळच्या खुंटीला अडकवून ठेवा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.