चारा कापण्याचे जुने यंत्र

पंजाब, हरियाणा किंवा पश्चिम उत्तर प्रदेशातील खेड्यात गोठ्याच्या कडेला अथवा अंगणाच्या कोपऱ्यात एक मोठे लोखंडी चाक हमखास दृष्टीस पडते. चाकाच्या आऱ्यांवर दोन वाकडी, धारदार पाती घट्ट बसवलेली असतात. कडेला फिरवण्यासाठी मूठ असते. आणि चाकासमोर एक लांबट पन्हळ येऊन थांबते. पंजाबात या यंत्राला ‘टोका’ म्हणतात, तर हिंदी भाषिक प्रदेशात ‘कुट्टीची मशीन’ किंवा ‘चाऱ्याची मशीन’. महाराष्ट्रातील शेतकरी कडबाकुट्टीचे यंत्र म्हणून ज्याला ओळखतो, त्याचेच हे जुने, हाताने फिरवण्याचे रूप होय. धारा काढण्याच्या वेळेपूर्वी, सकाळी आणि सायंकाळी, त्याचा ठेकेदार आवाज घराघरांतून ऐकू येतो. या आवाजाची खेड्याला इतकी सवय झालेली असते की, तो एकाएकी थांबला तरच कोणाचे लक्ष तिकडे जाते.

ज्वारी, बाजरी किंवा मका यांची ताटे अखंड टाकली तर जनावर पाने आणि कोवळे शेंडे वेचून खाते, जाड बुडखे सोडून देते आणि उरलेली वैरण पायदळी तुडवते. तीच ताटे बोटाच्या एखाद्या पेराएवढी बारीक कापली की निवड करण्यास फारसा वाव राहत नाही. कापल्यामुळे वैरणीचा कस वाढतो असे नाही. ती वाया कमी जाते, एवढेच. परंतु ज्या घरी दोन म्हशी आहेत आणि वैरण मोजून पुरवावी लागते, तेथे हे ‘एवढेच’ फार मोठे असते. पूर्वी हे काम गंडाशाने होई. लाकडी ठोकळ्यावर पेंढी धरून घाव घालत राहावे लागे. एका म्हशीच्या वैरणीसाठीही त्यात बराच वेळ आणि खांद्यांची बरीच शक्ती खर्ची पडे.

चाकाचे यंत्र मूळचे आपल्याकडील नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये, घोड्यांसाठी पेंढा कापण्याच्या गरजेतून ते आकारास आले आणि पुढे वसाहतींच्या मार्गाने सर्वत्र पसरले. त्याची रचना मोठी चतुर आहे. पन्हळीच्या टोकाशी एकावर एक असे दोन दातेरी रूळ असतात. चाक फिरू लागले की दातेरी चाकांच्या जोडणीमुळे हे रूळही फिरतात, पेंढीला पकडतात, दाबून घट्ट करतात आणि थोडी थोडी पुढे सरकवतात. रुळांच्या पलीकडे लोखंडी तोंड असते. त्याला घासून पाते जाते आणि कात्रीप्रमाणे वैरण कापली जाते. पाते वाकडे असल्याने संपूर्ण जुडीवर एकाच वेळी घाव पडत नाही, काप एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत जातो, आणि म्हणून जोर कमी लागतो. चाक मुद्दाम जड केलेले असते. एकदा वेग आला की त्याचे वजनच पात्याला जाड बुडख्यातून पार नेते. बाई असो की म्हातारा, ते चाक फिरवू शकतो, याचे रहस्य या वजनात आहे.

या यंत्राविषयी शेतकऱ्याला वाटणारी माया समजून घेतल्याखेरीज त्याच्या धोक्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. बिडाचे हे धूड दोन-तीन पिढ्या सहज टिकते. त्यात झाकलेले असे काहीच नाही. जे बिघडते ते डोळ्यांना दिसते. पाती बोथट झाली तर घरचा माणूस कानशीने धार लावतो, नट ढिला झाला तर तो आवळतो, आणि त्याच्या हाताबाहेरचे काम गावचा लोहार करतो. वीज गेली म्हणून जनावरे उपाशी राहत नाहीत. पंजाबातील बटाला या गावी बिडाच्या ओतकामाचा मोठा धंदा उभा राहिला, त्यात या यंत्राचा वाटा मोठा होता. वाटणीच्या वेळी असे यंत्र कोणाच्या वाट्याला जावे यावरून भाऊ भांडतात. कोणाला नवे घ्यायचे झाले तर जुने विकले जाते, मोडीत सहसा घातले जात नाही. आजच्या अनेक यंत्रांविषयी असे म्हणता येणार नाही.

ही माया केवळ आपल्याच खेड्यांपुरती नाही. अमेरिकेत झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचा भुगा करणारी यंत्रे वापरतात. त्यांपैकी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात असलेल्या जुन्या यंत्रांत फांदी आत ओढणारे रूळ नसत. वेगाने फिरणाऱ्या पिंपावरील पातीच फांदीला हिसडा देऊन आत घेत. फांदी टाकायची आणि तिचा मागचा भाग अंगावर येण्याआधी झटकन खाली वाकायचे, अशी काम करण्याची रीत. त्यावरूनच कामगारांनी त्या यंत्रांना ‘फेका आणि वाका’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले. ती साधी, दणकट, स्वस्त आणि अतिशय जलद, म्हणून जुन्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक मिळत राहिले. अशा जुन्या-नव्या सर्व प्रकारच्या भुगा-यंत्रांवर १९९२ ते २००२ या काळात अमेरिकेत ३१ कामगार मृत्युमुखी पडले. आपल्या टोक्याने माणूस क्वचितच मरतो. तो बोटे घेतो, पंजा घेतो.

ही इजा कशी होते हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, प्रत्येक काप दीड सेंटिमीटरचा आहे. चाकावर दोन पाती असल्याने एका फेऱ्यात वैरण तीन सेंटिमीटर पुढे जाते. हाताने चाक मिनिटाला चाळीस फेरे फिरत असेल, तर रूळ सेकंदाला दोन सेंटिमीटर या गतीने ओढत असतात. रुळांत सापडलेले बोट आणि पाते यांत दहा सेंटिमीटरचे अंतर धरले, तर मधे पाच सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात माणूस ओरडू शकतो आणि चाक फिरवणारा, त्याने ऐकले तर, थांबू शकतो. आता त्याच यंत्राला पट्ट्याने विजेची मोटर जोडली आणि चाक दोनशे फेरे घेऊ लागले, तर हाच अवधी एका सेकंदावर येतो. शिवाय फिरत्या चाकात साठलेली शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग पाचपट झाला की ती पंचवीसपट होते. बटण बंद केले तरी चाक लगेच थांबत नाही. वैरण कापण्याचे काम हलके करणारे ते वजनच येथे शत्रू बनते.

खेड्यापाड्यांत वीज पोहोचल्यावर नेमके हेच घडले. जुन्या यंत्राला कोणी टाकून दिले नाही. त्याला मोटर जोडली. माणसाच्या दंडाच्या गतीसाठी घडवलेली पन्हळ, तिची तोकडी लांबी, उघडी पाती, हे सर्व होते तसेच राहिले. पन्हळीत वैरण अडकली की ती हाताने पुढे रेटण्याची जुनी सवयही राहिली. त्यात वीज रात्री-अपरात्री येणार, उजेड बेताचा असणार आणि वैरण ओली असणार. ओढणीचे टोक किंवा सैल बाही पेंढीबरोबर आत गेली तर तेही रुळांना पुरेसे असते.

या इजेचे स्वरूप शल्यचिकित्सकांच्या दृष्टीनेही बिकट असते. रूळ प्रथम हात चिरडतात, नंतर पुढे ढकलत राहतात, आणि म्हणून कधी कधी एकच बोट दोन-तीन ठिकाणी कापले जाते. एका जागी स्वच्छ तुटलेले बोट पुन्हा जोडता येण्याची आशा असते; असे बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवून रुग्णाबरोबर न्यावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये. जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्यावा. हात रुळांतच अडकला असेल तर तो ओढून काढण्याची धडपड करू नये. मोटर बंद करून चाक उलट दिशेने फिरवावे. मात्र चिरडून तुकडे झालेल्या बोटांच्या बाबतीत निष्णात हातांनाही फारसे काही करता येत नाही.

तथापि सर्वांत दुःखद भाग कामाच्या वेळचा नाही. यंत्र थांबलेले आहे, मोठी माणसे शेतावर गेली आहेत, आणि अंगणात मुले आहेत. फिरवता येईल असे एवढे मोठे चाक दुसरे कोठले असणार? एक मूल मुठीला लोंबकळून चाक फिरवते आणि दुसरे, त्याहून लहान, पलीकडच्या बाजूने तोंडात बोट घालून पाहते. मुलाच्या जोराने चाक वेग घेते, आणि पात्याला धार तर सकाळीच लावलेली असते. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी उत्तर भारतातील खेड्यांत घरोघर जाऊन शेतीकामातील इजांची पाहणी केली, तेव्हा चारा कापण्याच्या यंत्राने जायबंदी झालेल्यांत मुलांचा भरणा मोठा असल्याचे त्यांना आढळले. यांपैकी पुष्कळ मुले काम करत नव्हती, खेळत होती.

अशा प्रसंगी ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लगेच उच्चारला जातो. तो उच्चारणे सोपे आहे, कारण त्याने यंत्राला हात लावावा लागत नाही. परंतु पाच वर्षांच्या मुलाकडून काळजीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. आणि दिवसभर राबून आलेली बाई अंधारात वर्षातून सातशेहून अधिक वेळा वैरण कापते, त्यांपैकी एकदाही तिचे लक्ष विचलित होऊ नये, हे म्हणणे न्यायाचे नाही.

इंग्लंडला ही गोष्ट फार पूर्वी कळली होती. तेथील पार्लमेंटने १८९७ साली खास चारा कापण्याच्या यंत्रांवरील अपघातांसाठी कायदा केला. वैरण घालणाऱ्याचा हात रुळांतून पात्यापर्यंत ओढला जाणार नाही अशी तोंडाची रचना असावी, आणि चाक व पाती यांना भक्कम आडोसा असावा, असे त्यात सांगितले होते. मात्र हाताने चालणारी यंत्रे त्या कायद्यातून वगळली होती. भारतात घरोघर पोहोचली ती हीच वगळलेली यंत्रे; आणि मोटर त्यांना नंतर, गावातल्या गावात, जोडली गेली. आपल्याकडे हरितक्रांतीच्या काळात मळणी यंत्रांनी हजारो हात घेतल्यावर १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा संमत केला. त्यात नाव घेऊन उल्लेख होता तो शक्तीवर चालणाऱ्या मळणी यंत्राचा. अंगणातले चाक कारखान्यात मोडत नव्हते, आणि मळणी यंत्राप्रमाणे हंगामात एकदम बोभाटा व्हावा असे त्याचे अपघातही नव्हते. ते वर्षभर, एकेका घरात, सुटे सुटे होत राहिले.

मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवे यंत्र शोधण्याच्या भरीस न पडता जुन्यातच सुधारणा सुचवल्या, हे विशेष. शेतकरी हे चाक टाकणार नाही, हे त्यांनी गृहीत धरले. त्यांची पहिली सूचना म्हणजे दातेरी रुळांच्या अलीकडे, पन्हळीवर आडवा बसवलेला इशाऱ्याचा रूळ. वैरण त्याच्याखालून सरकते. हात अवाजवी पुढे गेला तर प्रथम या निरुपद्रवी रुळाला लागतो आणि न पाहताही माणूस सावध होतो. दुसरी सूचना पात्यांना आडोसा घालण्याची. तिसरी सर्वांत साधी: काम संपल्यावर चाक अडकवून ठेवणारी खीळ. या तिन्ही गोष्टींना खर्च थोडा, आणि त्यांसाठी यंत्र कारखान्यात परत न्यावे लागत नाही. जे गावचा लोहार करू शकतो तेच सुचवायचे, ही त्यामागील दृष्टी जुन्या यंत्राच्या स्वभावाशी जुळणारी आहे.

अडचणी याही उपायांत आहेत. आडोसा असला की धार लावताना तो काढावा लागतो, आणि काढलेला आडोसा भिंतीला टेकून तसाच राहतो. इशाऱ्याच्या रुळाखाली जाड जुडी अडते, म्हणून घाईच्या माणसाला तो नकोसा होतो. बंदिस्त पेटीची, रूळ उलटे फिरवता येतील अशी मोटरवरची यंत्रे आता सर्वत्र विकत मिळतात आणि सरकारी अनुदानही त्यांना मिळते. पण नवे आले तरी जुने चाक अंगणातून हलत नाही, वीज नसेल त्या दिवसासाठी ते राहू दिले जाते. अशा पडून राहिलेल्या चाकाला तर खीळ हवीच. ती सुटी ठेवली तर महिन्याभरात हरवते. म्हणून ती साखळीने यंत्राच्या पायालाच जोडावी, आणि चाकातले तिचे छिद्र मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर येईल, अशा बेताने पाडावे.