देवाच्या हाती नसलेली क्षमा

योम किप्पूर हा ज्यू वर्षातला सर्वांत पवित्र दिवस. सुमारे २५ तास अन्न नाही, पाणी नाही, पायांत चामड्याची पादत्राणंही नाहीत. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या रात्री शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकेपर्यंत पाच वेळा प्रार्थना होते. छातीवर मूठ मारत पापांची कबुली देतात, तीही ‘मी’ म्हणून नव्हे, ‘आम्ही’ म्हणून. या धर्मात प्रार्थनेचं स्थान किती मोठं आहे ते या दिवशी कळतं. तिची मर्यादाही याच दिवशी कळते.

इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहातला नियम स्पष्ट आहे. देवाविरुद्ध घडलेलं पाप योम किप्पूरला धुतलं जातं. शेजाऱ्याविरुद्ध घडलेलं मात्र त्या शेजाऱ्याची समजूत घातल्याखेरीज फिटत नाही. म्हणजे एखाद्याचे पैसे बुडवून दिवसभर उपास केला तरी ते देणं तसंच राहतं. देव सर्वशक्तिमान मानला, तरी दुसऱ्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार या परंपरेने त्याला दिलेला नाही. मला ज्यू धर्मविचारातली ही सर्वांत धाडसी गोष्ट वाटते.

बाराव्या शतकात ज्यू धर्मपंडित मायमोनिडीसने यावर रीतसर पद्धतच लिहून ठेवली. आधी नुकसान भरून द्यायचं, मग क्षमा मागायची. समोरचा ऐकत नसेल, तर त्याच्या तीन स्नेह्यांना घेऊन जायचं; तरी नाही, तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्यानंतरही तो अडून बसला, तर पाप त्याच्या माथी. आणि तो माणूस मरण पावला असेल, तर दहा जणांना सोबत घेऊन त्याच्या कबरीपाशी उभं राहायचं आणि त्यांच्यादेखत अपराध कबूल करायचा. सामुदायिक प्रार्थनेलाही दहाच जण लागतात.

योम किप्पूरच्या सकाळी सिनेगॉगमध्ये वाचला जाणारा यशया संदेष्ट्याचा उतारा तर उपाशी भक्तांनाच धारेवर धरतो: उपास करता आणि त्याच दिवशी कामकऱ्यांना पिळता? भुकेल्याला तुमच्या भाकरीतला वाटा द्या, बेघराला घरात घ्या. प्रार्थनेच्या ऐन मध्यावर प्रार्थनेचीच झडती घेणारं हे वाचन शतकानुशतकं जपलं गेलं आहे.

प्रार्थना झाली, कृती झाली; मग अध्ययनाचं काय? आपण कुणाचं वाईट केलं हे कळायलाही शिकावं लागतं. ताल्मुदच्या, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चेच्या ग्रंथाच्या, अभ्यासाला बसणारी मुलं पुष्कळदा ज्या प्रकरणापासून सुरुवात करतात त्याचा विषय आहे सापडलेल्या वस्तू. रस्त्यात पडलेली नाणी कधी आपली, कधी ती धनी शोधून परत करायची, यावर पानंच्या पानं खल चालतो. धर्मग्रंथाच्या अभ्यासाचा श्रीगणेशा देवाच्या स्वरूपापासून नाही, दुसऱ्याच्या हरवलेल्या मालापासून! त्याच ग्रंथात, घ्यायचं मनात नसताना दुकानदाराला भाव विचारू नये, असंही आहे, कारण त्याला उगाच आशा लागते.

ताल्मुद सांगतो की लोद गावी एका माडीवर विद्वानांत वाद झाला होता: अध्ययन थोर की कृती? तारफोन म्हणाले कृती, अकिवा म्हणाले अध्ययन. अखेर सर्वांनी अध्ययनाच्या बाजूने कौल दिला, पण कारण दिलं ते असं, की अध्ययन माणसाला कृतीकडे नेतं.

ते नेहमी नेत नाही, ही खंत एकोणिसाव्या शतकात लिथुआनियातल्या इस्राएल सलांतर यांना लागली. ताल्मुद मुखोद्गत असलेली माणसं रागीट, हिशेबी, दुसऱ्याची पर्वा न करणारी निघत होती. त्यांनी ‘मुसार’ चळवळ उभी केली: रोज ठरावीक वेळी नीतिग्रंथ मोठ्याने, आर्त सुरात, तेच वाक्य पुन:पुन्हा घोळवत वाचायचं, म्हणजे ते बुद्धीखाली उतरेल. अध्ययनाला त्यांनी प्रार्थनेचा सूर दिला. त्यांची एक गोष्ट सांगतात. जेवणाआधीच्या विधिवत् हात धुण्याला ते अगदी थोडं पाणी वापरत. कुणी विचारलं, तर म्हणाले की पाणी मोलकरीण वाहून आणते. माझं पुण्य तिच्या खांद्यावर कशाला?

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंकडे तर प्रार्थना, अध्ययन आणि कृती हे तिन्ही धागे एकदा सुटे झाले होते. हिब्रू ग्रंथांचं अध्ययन लोपलं होतं; उरले होते शनिवारचा विसावा, ज्यामुळे त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडलं, सुंता, आहाराचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. योम किप्पूरला ते दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारं लावून घरात राहायचं. दुसऱ्या दिवशी शिळा सण: गोरगरिबांना दानधर्म करायचा, आप्तेष्टांच्या भेटी घ्यायच्या. हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या इतिहासग्रंथात याची नोंद आहे. मिश्ना हाताशी नसतानाही बंद दारामागच्या उपासनेला लागूनच माणसांचा दिवस येत होता.

१७९६ मध्ये मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी बेने इस्रायलींचं पहिलं सिनेगॉग उभारलं. पुढच्या शतकात कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी हिब्रू उपासना शिकवली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, म्हणून ओठांवरच्या शब्दांचा अर्थ घरातल्या बायकामुलांनाही कळू लागला. याच शतकाच्या उत्तरार्धात बेने इस्रायली कीर्तनकार उभे राहिले आणि बायबलमधल्या कथा ओव्या-साक्यांतून मराठी श्रोत्यांना सांगू लागले.