गोळी स्वस्त झाली, तपासणी दूरच राहिली

सीएमएल या रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिवेक गोळीला अमेरिकेत मे 2001 मध्ये मान्यता मिळाली. यंदा त्याला 25 वर्षे झाली. गोळीचे कौतुक होईल, व्हायलाच हवे. पण तिच्यासोबत चालणाऱ्या रक्ततपासणीचे नाव कोणी घेत नाही. शेगावातल्या माझ्या ओळखीच्या एका रुग्णाने नुकतीच ही तपासणी परवडत नाही म्हणून सोडली.

रक्तातून कर्करोगाचा माग काढण्याची खटपट जुनी. 1965 मध्ये कर्करोगाची खूण ठरणारे सीईए हे प्रथिन सापडले, 1986 मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी पीएसए तपासणी आली. आमच्या घराने ही खटपट 2003 ते 2013 या दशकात अनुभवली. धाकट्या भावाला सीएमएल निघाला आणि विदर्भ एक्स्प्रेस, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे टाटा रुग्णालय हा रस्ता पाठ झाला.

गोळीसोबतच्या त्या तपासणीचे नाव बीसीआर-एबीएल. बिघडलेल्या जनुकाचे रक्तातले प्रमाण ती मोजते. तीन महिन्यांत ते 10 टक्क्यांखाली उतरले, तर गोळी लागू पडण्याची आशा मोठी. वर्षभरात 0.1 टक्क्यावर आले, तर उत्तम. पुन्हा चढू लागले, तर त्रास सुरू होण्याआधीच डॉक्टर औषध बदलू शकतात. रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या सीबीसी तपासणीत हे कळत नाही. "काउंट नॉर्मल आला, आता कशाला मुंबईला पळता?" म्हणणाऱ्या गावातल्या शहाण्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

राग ग्लिवेक बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीवरही आहे. तेव्हा तिची गोळी महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होती, भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत. तरी पेटंटसाठी ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन विरोधात उभी राहिली आणि 1 एप्रिल 2013 रोजी कंपनी हरली.

धर्मशाळेत तेव्हा अनोळखी माणसे एकमेकांचे रिपोर्ट वाचत, टक्का उतरला की पेढे वाटत. ती माणसे पांगली. आता रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि तपासणी चुकली तर "का रे, गेला नाहीस?" असे विचारणारे कोणी उरले नाही.

निदान तपासणी तरी जवळ आणता येईल. क्षयरोगाच्या निदानासाठी जिल्ह्याजिल्ह्यात सीबीनॅट ही जनुकीय तपासणीची यंत्रे बसली. त्याच तंत्राच्या यंत्रात वेगळे कार्ट्रिज घातले की बीसीआर-एबीएलही मोजता येते. शासनाने ही सोय आमच्या बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात मोफत करावी. आणि रुग्णांनो, काउंट नॉर्मल असला तरी डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी चुकवू नका.