झाडांच्या छाटणीसाठी चिपर यंत्र : निवड आणि निगा

मृगाचा पाऊस तोंडावर आला की राज्यातील नगरपालिकांमध्ये आणि मोठ्या ग्रामपंचायतींमध्ये एक काम हटकून निघते. ते म्हणजे वीजवाहिन्यांना टेकलेल्या, रस्त्यावर झुकलेल्या आणि शाळांच्या छपरांवर आलेल्या फांद्यांची छाटणी. छाटणी एका दिवसात उरकते; परंतु फांद्यांचे ढीग पंधरा-पंधरा दिवस रस्त्याच्या कडेला पडून राहतात. गुलमोहराची वा रेन ट्रीची फांदी वजनाला फारशी नसते, मात्र ती जागा एवढी व्यापते की चार फांद्यांत ट्रॉली भरते. अशी ट्रॉली डिझेल जाळून मुख्यतः हवाच वाहून नेत असते. पुढे ढीग वाळतो आणि कोणीतरी त्याला काडी लावतो. उघड्यावर कचरा जाळण्यास घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये स्पष्ट मनाई करण्यात आली होती. पण फांद्यांची विल्हेवाट लावण्याचे साधन हाती नसेल तर निव्वळ मनाईने ढीग हलत नाहीत.

नैसर्गिक आपत्तीच्या वेळी ही उणीव अधिकच जाणवते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि गावोगावचे रस्ते झाडांनी अडले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने किनारपट्टीवर तेच दृश्य पुन्हा दाखविले. पडलेले झाड करवतीने तोडता येते. परंतु तोडलेले ठेवायचे कोठे, हा प्रश्न त्यानंतरचा आणि अधिक चिवट असतो.

वाहनामागे जोडून नेता येणारे चिपर यंत्र हे या प्रश्नाचे एक उत्तर होय. छाटणीच्या जागीच फांद्यांचे बारीक ढलपे करून ते सोबतच्या ट्रॉलीत फेकणे, हे त्याचे काम. हे यंत्र स्वस्त नाही आणि निरुपद्रवीही नाही. म्हणून ते घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर काय पाहावे, याचा विचार येथे केला आहे.

चकती की ढोल?

चिपरचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात एक जड पोलादी चकती वेगाने फिरते आणि तिच्या दर्शनी बाजूस दोन ते चार पाती बसविलेली असतात. दुसऱ्यात चकतीऐवजी आडवा ढोल असतो आणि पाती त्याच्या परिघावर असतात. दोहोंत फिरत्या पात्यासमोर एक स्थिर पाते असते. कारागीर त्यास ऐरण म्हणतात. फांदी या दोन पात्यांमध्ये सापडून कात्रीत कापड कापले जावे तशी कापली जाते. बहुतेक यंत्रांत तोंडापाशी दातेरी रूळ असून ते फांदी आत ओढून घेतात.

चकतीच्या यंत्राचे ढलपे एकसारखे निघतात आणि सरळ, स्वच्छ फांद्यांसाठी ते उत्तम. आपल्याकडची झाडे मात्र क्वचितच सरळ असतात. बाभूळ, चिंच, वड यांच्या फांद्या वाकड्या, दुबेळक्याच्या आणि पसरट असतात. अशा फांद्या रुंद तोंडाच्या ढोलयंत्रात सुलभतेने जातात. माहितीपत्रकात ‘सहा इंच’ वा ‘बारा इंच’ असा जो आकडा ठळकपणे छापलेला असतो, तो यंत्र कमाल किती जाडी घेऊ शकते हे सांगतो. दिवसभर किती जाडी पेलेल, हे सांगत नाही. रोजच्या कामासाठी त्या आकड्याच्या सुमारे दोन-तृतीयांश जाडीच हिशेबात धरावी आणि तोंडाची रुंदी स्वतः मोजून पाहावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

साधारणपणे सहा इंची यंत्रास पंचवीस ते पस्तीस अश्वशक्तीचे इंजिन असते आणि त्याचे वजन पाऊण टनाच्या आसपास भरते. बारा इंची यंत्रास पाऊणशे अश्वशक्ती वा अधिक लागते आणि त्याचे वजन दोन टनांच्या पुढे जाते. वजन वाढले की ओढणारे वाहनही तसेच लागते. अरुंद गल्ल्यांच्या जुन्या गावात दोन टनांचे यंत्र मागे वळवितानाच अर्धा दिवस जातो. म्हणून छोट्या नगरपालिकेने मोठ्या आकड्याच्या मोहात न पडता, गावातील छाटणीत सर्वाधिक निघणाऱ्या फांद्यांची जाडी एका हंगामात मोजून घ्यावी. जाड खोडे ढलप्यांसाठी नव्हेतच. सरपण आणि इमारती लाकूड म्हणून त्यांना स्वतंत्र मूल्य असते.

ग्रामपंचायतीसाठी आणखी एक पर्याय आहे. गावात ट्रॅक्टर असतोच. त्याच्या पीटीओ दांड्यावर, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालणारे चिपर घेतल्यास स्वतंत्र इंजिनाचा खर्च आणि देखभाल दोन्ही वाचतात. मात्र नांगरणी-पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतात असतो आणि नेमकी त्याच सुमारास छाटणी येते, हे ध्यानात ठेवावे. द्राक्षबागांतील छाटणीच्या काड्यांसाठी तर इतकेही मोठे यंत्र नको; लहान यंत्र पुरते. तेथे काळजी घ्यायची ती काड्यांसोबत येणाऱ्या तारेच्या तुकड्यांची.

खरेदीच्या अटींत किमतीइतकेच महत्त्व तीन गोष्टींना द्यावे : पात्यांचे किमान दोन जादा संच, जवळच्या शहरात सुटे भाग मिळण्याची सोय, आणि यंत्र चालविणाऱ्या किमान दोघांना प्रत्यक्ष प्रशिक्षण. प्रात्यक्षिक आपल्याच गावातील झाडांवर घ्यावे. विक्रेत्याने सोबत आणलेल्या ओल्या सुबाभळीवर कोणतेही यंत्र चांगलेच चालते. वाळलेली बाभूळ, सुरू आणि सागाच्या फांद्या त्यात घालून पाहाव्यात. कोकणात नारळाच्या झावळ्यांनी परीक्षा घ्यावी; त्यांचे लांब, चिवट तंतू रुळांना आणि ढोलाला गुंडाळले जातात आणि यंत्र अडते.

दीड सेकंद

रूळ फांदी ओढतात तो वेग अनेक यंत्रांत मिनिटाला तीस मीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर असतो. माणसाचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुमारे पाऊण मीटर. फांदीच्या बेचक्यात बाही अडकली तर सावध व्हावयास मिळणारा अवधी दीड सेकंदाचा असतो. ओरडून इंजिन बंद करण्यास तो पुरत नाही. म्हणूनच तोंडाभोवती रूळ थांबविणारा वा उलटा फिरविणारा आडवा दांडा असतो. असा दांडा नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. आणि असलेला दांडा रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी ढकलून तपासावा. तो तारेने बांधून ठेवण्याची सवय काही ठिकाणी आढळते, कारण तो वारंवार लागून काम थांबते. असे आढळल्यास पर्यवेक्षकाने त्या दिवसाचे काम बंद करावे.

फांदी घालणाऱ्याने तोंडासमोर नव्हे, तर बाजूस उभे राहावे. बुडखा आधी आत द्यावा आणि रुळांनी फांदी पकडताच ती सोडून बाजूला व्हावे. आखूड तुकडे हाताने वा पायाने कधीही ढकलू नयेत; लांब फांदीच्या रेट्याने ते आत जाऊ द्यावेत. उपरणे, मफलर, पदर, सैल बाह्या, मनगटातील दोरे आणि बांगड्या येथे जिवावर बेतू शकतात. छाटणीच्या कामावर स्त्रिया असतात, त्यांना अंगाबरोबर बसणारा कामाचा पोशाख कार्यालयाने पुरवावा. नुसती सूचना देऊन भागत नाही. डोळ्यांना चष्मा, डोक्यास शिरस्त्राण आणि कानांस संरक्षण आवश्यक आहे. दोर आणि साखळ्या यंत्राच्या आसपास पडू देऊ नयेत. झाडावरून फांदी उतरविण्याचा दोर रुळांत ओढला गेला तर त्याचे दुसरे टोक कोणाच्या अंगाभोवती आहे, यावर सारे अवलंबून असते. एकट्या माणसाने हे यंत्र चालवू नये.

इंजिन बंद केल्यावर ढोल वा चकती थांबली, असे समजू नये. तिच्या जडपणामुळे ती आणखी काही मिनिटे फिरत राहते. झाकण उघडण्यापूर्वी किल्ली काढून खिशात ठेवावी, ढोल पूर्ण थांबू द्यावा आणि मगच त्याची खीळ बसवून तो जागी अडकवावा. पाती बदलताना बॅटरीची तारही सोडवावी.

पात्याची धार आणि ऐरणीचे अंतर

चिपर बिघडला अशी तक्रार येते, तेव्हा इंजिनाकडे पाहण्यापूर्वी बाहेर पडणारे ढलपे हातात घेऊन पाहावेत. कडा स्वच्छ कापलेल्या असतील तर यंत्र ठीक आहे. ढलप्यांऐवजी लांब तंतू आणि भुसा येत असेल, फांदी आत जाताना थडथडत असेल आणि डिझेल अधिक लागत असेल, तर पाती बोथट झाली आहेत. बोथट पात्यांवर यंत्र रेटल्यास बेअरिंग, पट्टा आणि इंजिन या साऱ्यांवर ताण येतो. कार्यालयाच्या आवारात यंत्र गंजत पडण्याची सुरुवात पुष्कळदा अशा एका न बदललेल्या पात्यापासून होते.

पात्यांचा मोठा शत्रू लाकूड नव्हे, तर त्यासोबत येणारी माती, खडे आणि लोखंड होय. झाडलोटीचा कचरा यंत्रात टाकू नये. रस्त्याकडेच्या झाडांना फलकांसाठी ठोकलेले खिळे आणि रोषणाईच्या तारा आधी काढाव्यात. संक्रांतीनंतर फांद्यांत अडकून राहिलेला नायलॉनचा मांजा दिसावयास क्षुल्लक, पण तो आसाभोवती गुंडाळून बेअरिंगचे सील कापतो. बांबू आणि साग यांत सिलिकेचा अंश असल्याने त्यांच्यावर धार लवकर जाते; वडाचा चीक पात्यांवर चिकटून बसतो, तो काम संपताच पुसून काढावा.

धार लावण्याचे काम अनुभवी कारागिराकडेच द्यावे. उत्पादकाने दिलेला कोन कायम ठेवावा. सहाणेवर पाते तापून निळसर झाले तर त्याचे पाणी उतरले असे समजावे. ते पुढे टिकत नाही. समोरासमोरची पाती एकाच वेळी आणि सारख्या वजनाची राहतील अशी घासावीत, अन्यथा ढोल हादरू लागतो. धारेनंतर पाते आणि ऐरण यांतील अंतर पुन्हा जुळवावे लागते. ते साधारणपणे दीड ते तीन मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यावा आणि पाकळ्यांच्या मापपट्टीने तपासावा. बोल्ट मूळ प्रतीचेच वापरावेत आणि सांगितलेल्या जोराने, मापाच्या पान्याने आवळावेत. बाजारात मिळणारा सारख्या दिसण्याचा बोल्ट येथे चालत नाही. सुटलेले पाते गोळीसारखे बाहेर येते.

उरलेली निगा ट्रॅक्टर सांभाळणाऱ्यास ओळखीचीच आहे. भुशामुळे हवेची गाळणी आणि रेडिएटरची जाळी लवकर तुंबते, ती रोज झाडावी. बेअरिंगना पुस्तिकेप्रमाणे ग्रीस द्यावे. नवा पट्टा पहिल्या काही तासांतच सैल होतो, त्याचा ताण तपासावा. यंत्र किती तास चालले, धार केव्हा लावली, याची वही ठेवावी आणि बदली झालेल्या कर्मचाऱ्याने ती पुढच्याच्या हाती द्यावी.

रस्त्यावर नेण्यापूर्वी आकड्याची खीळ, आडवी टाकलेली सुरक्षा साखळी, मागील दिवे, टायरमधील हवा आणि चाकांचे नट पाहावेत. तोंडाचा पाळणा मिटून घ्यावा आणि ढलपे फेकणारी नळी घट्ट करावी. यंत्र ट्रेलर म्हणून रस्त्यावर येत असल्याने नोंदणीबाबत प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे खरेदीपूर्वीच विचारणा करावी. त्याचप्रमाणे, यंत्र हाती आले म्हणून छाटणीची परवानगी आपोआप मिळत नाही. नागरी क्षेत्रात १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष अधिकाऱ्याची संमती लागतेच.

ढलप्यांचे काय करावे?

ढलपे हा कचरा नव्हे. शाळेच्या आवारातील वा रस्त्याकडेच्या नव्या रोपांभोवती दोन ते चार इंचांचा थर दिल्यास ओल टिकते आणि तण दबते. खोडाला मात्र ते टेकू देऊ नयेत. ताजे ढलपे मातीत मिसळणे टाळावे. ते कुजताना मातीतील नत्र ओढून घेतात आणि पिके पिवळी पडतात. खत करावयाचे असल्यास शेण वा भाजीबाजारातील ओला कचरा त्यात मिसळावा. वाळवीच्या भीतीमुळे ढीग इमारतीच्या भिंतीलगत लावू नये. ओल्या ढलप्यांचा फार मोठा ढीग आतून तापतो आणि क्वचित पेटही घेतो, यासाठी ढीग लहान ठेवावेत आणि मधूनमधून हात घालून पाहावेत. हात भाजू लागल्यास ढीग पसरून द्यावा.