गिटारच्या पेडलला व्होल्टेजची घुंडी



तंबोरा जुळवताना घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. दोरा योग्य जागी आला की तार झंकारू लागते. यालाच जवारी लागणे म्हणतात. मिरजेच्या ज्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचे कारागीर हे काम पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. स्वरात मुद्दाम झंकार आणायचा, पण तो आपल्या ताब्यात ठेवायचा, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारेही असेच काही करतात. त्यांचा दोरा म्हणजे विजेचा दाब, अर्थात व्होल्टेज.

गिटारवादकाच्या पायाशी जी छोटी पेटी असते, तिला पेडल म्हणतात. त्यातला ‘फझ’ हा प्रकार स्वर खरखरीत करतो. अमेरिकेत १९६२ साली ‘माएस्ट्रो फझ-टोन’ हे पेडल बाजारात आले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स यांच्या एका गाण्याने तो आवाज जगभर पोहोचवला.

आवाज बदलतो कसा?

आपल्या नौबादची सुरंग बावी आठवा. बहामनी काळातल्या त्या भुयारातून पाणी पंपावाचून, केवळ पातळीतल्या फरकाने पुढे नेले जाई. असे पाणी उगमाच्या पातळीपेक्षा वर चढत नाही. पेडलचेही तसेच आहे. त्याला ९ व्होल्टची बॅटरी असेल, तर आतला ट्रान्झिस्टर गिटारची लहर त्यापलीकडे वाढवू शकत नाही. लहरीचा माथा कापला जातो आणि स्वर खरखरतो. व्होल्टेज कमी केले तर माथा आणखी लवकर कापला जातो. फार कमी केले तर स्वर तुटक येतो आणि झटकन विझतो.

उतरत आलेल्या बॅटरीवर असा आवाज आपोआप येतो आणि काही वादकांना तो आवडतो. पण बॅटरी उतरतच जाते, त्यामुळे तो आवाज टिकत नाही. म्हणून घुंडी हवी.

जोडणी

१२ व्होल्ट डीसी अ‍ॅडॉप्टर आणि एलएम ३१७ हा तीन पायांचा रेग्युलेटर घ्यावा. हा रेग्युलेटर आपल्या ‘आउटपुट’ आणि ‘अ‍ॅडजस्ट’ या पायांमध्ये १.२५ व्होल्ट कायम राखतो. त्या दोन पायांमध्ये १२० ओहमचा रोध लावला, की ओहमच्या नियमाने सुमारे १०.४ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. तोच प्रवाह पुढे १८० ओहमचा रोध आणि ५०० ओहमची घुंडी यांतून ऋण टोकाला जातो. घुंडी शून्यावर असताना एकूण रोध ३०० ओहम, म्हणजे सुमारे ३.१ व्होल्ट. पूर्ण फिरवल्यावर ८०० ओहम, म्हणजे सुमारे ८.३ व्होल्ट. घुंडी कशीही फिरवली तरी ९ च्या वर जाता येत नाही. हीच या रचनेतली खरी खुबी. घुंडीचा मधला पाय एका कडेच्या पायाला जोडून टाकावा. आतला संपर्क सुटला तरी व्होल्टेज ८.३ पुढे जाणार नाही. रेग्युलेटरजवळ आत येणाऱ्या बाजूला ०.१ आणि बाहेर जाणाऱ्या बाजूला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा.

एवढे नक्की पाळा

● हे सर्व वेगळ्या डबीत बसवा. महागाच्या पेडलला भोक पाडू नका.

● एलएम ३१७ चा धातूचा पत्रा आउटपुटलाच जोडलेला असतो. तो लोखंडी डबीला टेकू देऊ नका.

● बहुतेक पेडलमध्ये मधली पिन ऋण असते, पण सगळ्यांत नाही. पेडलवरची खूण पाहा आणि मल्टीमीटरने तपासल्याशिवाय जोडू नका.

● डिजिटल पेडलला हा प्रयोग करू नका. कमी व्होल्टेजवर ते बंदच पडते.

● अ‍ॅडॉप्टर उघडू नका. २३० व्होल्टशी खेळ नाही.

पालकांना आमचे सांगणे एवढेच, की मूल सोल्डरिंग करत असेल तर रागावू नका, शेजारी बसा. विश्वस्तांना विनंती, की प्रयोगशाळेतला मल्टीमीटर कपाटात न राहता मुलांच्या हाती यावा. पुस्तकातला ओहमचा नियम परीक्षेपुरता लक्षात राहतो. घुंडी फिरवताना कानाने ऐकलेला नियम मात्र विसरला जात नाही. आणि घुंडी फिरवण्याआधी तिची मर्यादा ठरवावी, हेही त्यातूनच शिकता येते.