टक्केवारीच्या पुढे: सहावी ते आठवीच्या मुलांना नेमके काय यायला हवे?

निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये पहिला प्रश्न असतो, "किती टक्के पडले?" त्यावरून मुलाला काय येते, हे मात्र समजत नाही. वस्त्यांमध्ये अभ्यासवर्ग चालवताना आम्हाला असे विद्यार्थी नेहमी भेटतात, ज्यांच्या प्रगतिपुस्तकात चांगली श्रेणी असते, पण शेकडेवारीचे साधे गणित सुटत नाही किंवा वाचलेल्या उताऱ्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही. ही उणीव वेळेत कशी ओळखायची, यासाठी एक सरकारी मोजपट्टी उपलब्ध आहे. तिचे नाव 'अध्ययन निष्पत्ती'.

अध्ययन निष्पत्ती म्हणजे काय?

एखादी इयत्ता पूर्ण करताना मुलाला एखाद्या विषयात काय करता आले पाहिजे, याचे स्पष्ट विधान म्हणजे अध्ययन निष्पत्ती. 'धडा शिकवून झाला' हे शिक्षकाच्या बाजूचे विधान झाले. 'मुलाला हे करता येते' हे मुलाच्या बाजूचे आहे. एनसीईआरटीने पहिली ते आठवीसाठी इयत्तावार आणि विषयवार निष्पत्ती तयार केल्या, आणि २०१७ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती करून त्यांना स्थान देण्यात आले. बालभारतीच्या अनेक पुस्तकांत सुरुवातीच्या पानांवर त्यांचा तक्ता छापलेला असतो. बहुतेक पालक ते पान उलटून पुढे जातात.

चार विषय, चार कसोट्या

भाषा: पाठांतर ही येथे कसोटी नाही. मजकूर समजून वाचणे, त्यावर प्रश्न विचारणे, आपले मत मांडणे आणि गरजेप्रमाणे लिहिणे अपेक्षित आहे. मुलाला आजच्या वर्तमानपत्रातील एक बातमी द्या आणि विचारा: यात काय घडले, तुला काय वाटते, आणि यावर अर्ज लिहायचा तर कोणाला लिहिशील?

गणित: सातवीत शेकडेवारी, नफा-तोटा आणि सरळव्याज, तर आठवीत सूट आणि चक्रवाढव्याज येते. आपल्या घरांत बचत गटाची आणि खासगी कर्जे असतात. 'महिना दोन टक्के' ऐकायला थोडे वाटते. पण वर्षाला ते २४ टक्के होतात आणि दहा हजार रुपयांवर सरळव्याजच २,४०० रुपये भरावे लागते. हा हिशेब सातवीच्या मुलीला करता आला, तर ती आईच्या कर्जाचा कागद वाचू शकते.

विज्ञान: निरीक्षण, साधा प्रयोग आणि त्यावरून निष्कर्ष यांवर भर आहे. रंगीत फुलांचा अर्क आम्ल-आम्लारी ओळखायला वापरता येईल का, असा प्रश्न स्वतः तपासून पाहणे सातवीला अपेक्षित आहे. जास्वंदीची चार फुले, लिंबू आणि खाण्याचा सोडा एवढ्यावर हा प्रयोग होतो. भीती आणि पूर्वग्रहांपासून मुक्त असणे, हेही विज्ञानाच्या निष्पत्तींमध्ये नमूद आहे. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना याहून भक्कम शालेय आधार कोणता हवा?

सामाजिक शास्त्रे: सहावीत भेदभावाचे प्रकार आणि त्यांची मुळे समजून घेणे, सातवीत लोकशाहीतील समतेचे महत्त्व सांगता येणे, तर आठवीत मूलभूत हक्कांचे ज्ञान प्रत्यक्ष प्रसंगाला लावणे आणि एफआयआर कशी नोंदवायची हे दाखवता येणे, अशा निष्पत्ती एनसीईआरटीच्या यादीत आहेत. बाबासाहेबांच्या संविधानावर आपण भाषणे पुष्कळ करतो. आठवीतल्या मुलाला आपल्या वस्तीतील पाण्याचा प्रश्न कोणत्या हक्काशी जोडलेला आहे, हे सांगता येते का, तेही पाहायला हवे.

आठवीचे वळण

२०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलांना पुन्हा त्याच वर्गात ठेवण्याचा मार्ग राज्यांना खुला केला. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून या दोन्ही इयत्तांना वार्षिक परीक्षा आहे. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावी लागते. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण चौदा वर्षांपर्यंत आणि आठवीपर्यंत आहे. मागे पडलेले मूल याच टप्प्यावर शाळा सोडून कामाला लागण्याचा धोका असतो, आणि मग 'त्याला अभ्यासाची आवडच नव्हती' असे म्हणून सगळा दोष त्याच्यावर टाकला जातो.

म्हणून मोजपट्टी मुलासोबत शाळेलाही लावली पाहिजे. सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक, तसेच विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा, असे कायद्याची अनुसूची सांगते. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे आणि पालकांना प्रगती कळवणे, हे शिक्षकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. गणिताचा शिक्षकच नसेल, तर नापास कोण झाले?

आपण काय करू शकतो?

पहिले, जून-जुलैमध्येच वस्तीतील सहावी ते आठवीच्या मुलांची यादी करा आणि प्रत्येक विषयातून चार-पाच निष्पत्ती निवडून तोंडी व कृतीतून तपासा. गुण देऊ नका. 'येते', 'मदतीने येते', 'अजून येत नाही' एवढीच नोंद पुरे. ती नोंद सर्वांसमोर वाचू नका. लाजलेले मूल दुसऱ्या दिवशी वर्गाला येत नाही.

दुसरे, अभ्यासवर्गात शाळेचा गृहपाठ उरकण्याऐवजी 'अजून येत नाही' या रकान्यावर काम करा. आठवीच्या मुलाला सहावीचे अपूर्णांक येत नसतील, तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.

तिसरे, शाळा व्यवस्थापन समितीत जा. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, तसेच वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. पण आपल्या आया-बहिणी अनेकदा फक्त सहीपुरत्या बोलावल्या जातात. त्यांच्या हाती ही नोंद द्या. 'शिक्षण सुधारा' या मागणीला उत्तर मिळत नाही. 'सातवीच्या अकरा मुलांना शेकडेवारी येत नाही, जादा तास कधी घेणार?' हा प्रश्न इतिवृत्तात लिहावा लागतो.

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आपण भिंतींवर रंगवला आहे. त्यानुसार आपली मुले खरोखर काय शिकली, हे तपासणे आपल्याच हातात आहे. येत्या रविवारी वस्तीतील एका मुलाचे पुस्तक उघडा आणि त्या न वाचलेल्या पानापासून सुरुवात करा.